चियांग माईत सहा खोल्यांचं गेस्ट हाउस: पैसे पाठवण्याआधी हे वाचा

सहा खोल्या, खाली आठ-दहा टेबलांचं खाण्याचं ठिकाण, अंगणात चाफा. नवरा स्वयंपाकघर बघणार, बायको खोल्या आणि हिशोब. चियांग माईला सुट्टीवर आलेली मराठी जोडपी परतायच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे चहाला बसतात आणि हेच चित्र रंगवतात. नऊ वर्षांपूर्वी मीही हेच घेऊन पुण्याहून इथे आलो. आज आमचं नीट चाललंय, पण पहिल्या दीड वर्षात जे पैसे गेले ते बहुतेक पावलांचा क्रम चुकल्यामुळे गेले. आधी जागा आवडली, मग कंपनी काढली, मग परवाने शोधले. स्वतःच्याच स्वयंपाकघरात पोळी लाटायलाही मला सरकारी परवानगी लागते, हे सगळ्यात शेवटी कळलं.

म्हणून इथे योग्य क्रमाने सांगतो. उदाहरण चियांग माईचं असलं तरी कायदे सगळ्या थायलंडचे आहेत; फुकेत, क्राबी, पट्टायालाही तेच लागू. रुपयांतले आकडे एका बाटला पावणेतीन रुपये धरून दिलेत.

पाऊल १: धुराच्या महिन्यात येऊन राहा

डिसेंबरात चियांग माई बघून कुणीही प्रेमात पडेल. थंड हवा, भरलेल्या खोल्या, था फे दरवाज्यापासून रविवारच्या बाजारात पाय ठेवायला जागा नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे इथल्या कमाईचे महिने. त्यानंतर फेब्रुवारीअखेरीपासून एप्रिलपर्यंत आसपासच्या डोंगरांत आणि शेतांत आगी लागतात, सीमेपलीकडूनही धूर येतो आणि शहर एखाद्या वाडग्यासारखं डोंगरांच्या मधे असल्यामुळे तो धूर इथेच कोंडून राहतो. डोई सुथेपचा डोंगर समोर असून दिसत नाही. मुलांना घेऊन आलेली कुटुंबं मुक्काम आटोपता घेतात. १३ ते १५ एप्रिलच्या सोंगक्रानला चार दिवस गर्दी उसळते, मग पावसाळा. ऑक्टोबर २०२४ मध्ये पिंग नदीचं पाणी नाइट बाजार आणि छांग ख्लानच्या रस्त्यांवर आलं होतं.

तेव्हा मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि सप्टेंबरात दोन आठवडे येऊन राहा. ज्या गल्लीत जागा घ्यायचा विचार आहे त्याच गल्लीत खोली घ्या. शेजारच्या दुकानदाराला विचारा, पाणी कुठवर आलं होतं. तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल. रात्री नऊला किती खोल्यांत दिवा आहे ते मोजा. हे मोजणं फुकट आहे आणि कुठल्याही सल्लागाराच्या अहवालापेक्षा खरं आहे.

पर्यटक म्हणून आलात तर फक्त बघा. ओळखीच्याच्या हॉटेलात चार दिवस मदत म्हणून काउंटरला उभं राहणंसुद्धा कायद्याने काम ठरतं. विनापरवाना कामाला ५,००० ते ५०,००० बाट दंड आणि हद्दपारी आहे, आणि पुढे जेव्हा तुम्ही खरोखरीचा अर्ज कराल तेव्हा तो डाग आड येतो.

पाऊल २: धंदा कुणाच्या नावावर, हे आधी ठरवा

परदेशी लोकांच्या धंद्याबाबतचा इथला कायदा १९९९ चा. त्याला तीन याद्या जोडलेल्या आहेत. तिसऱ्या यादीत हॉटेल, खाद्यपदार्थ आणि पेयांची विक्री, पर्यटकांना मार्गदर्शन, हे सगळं आहे. म्हणजे तुम्हाला जे करायचंय नेमकं तेच. ज्या कंपनीत निम्मे किंवा जास्त शेअर परदेशी माणसांकडे आहेत ती कंपनी परदेशी, आणि तिला या यादीतला धंदा खास परवान्याशिवाय करता येत नाही. छोट्या गेस्ट हाउसला तो परवाना मिळवणं फार अवघड. अमेरिकी नागरिकांसाठी १९६६ च्या मैत्री-कराराची वाट आहे, आपल्याला ती नाही.

राहता राहिला एक रस्ता: ज्यात तुमचा वाटा जास्तीत जास्त ४९ टक्के आणि उरलेला ५१ टक्के थाई भागीदारांचा, अशी थाई कंपनी. २०२३ पासून दोन भागधारकांवर कंपनी काढता येते, त्याआधी तीन लागत.

इथे तुम्हाला कुणीतरी भेटेलच, जो म्हणेल, "काळजी करू नका, थाई नावं आम्ही देतो. शेअर त्यांच्या नावावर, कोऱ्या हस्तांतरण-पत्रावर त्यांची सही घेऊन ठेवू, सगळं तुमचंच." आपल्याकडे बेनामी म्हणतात तोच हा प्रकार. याच १९९९ च्या कायद्याच्या कलम ३६ खाली हा गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख ते दहा लाख बाट दंड, आणि तो नाव वापरायला देणाऱ्या थाई माणसालाही लागू. कंपनी नोंदवताना थाई भागधारकाने पैसे कुठून आणले याचा बँकेचा पुरावा मागितला जातो. महिना पंधरा हजार पगार असलेल्या बाईच्या नावावर दहा लाखांचे शेअर असतील तर प्रश्न येणारच. माझी हात जोडून विनंती आहे, "सगळे असंच करतात" हे ऐकून सही करू नका. पकडले जाण्याची भीती तर आहेच, पण समजा कुणी पकडलं नाही, तरी भागीदाराशी बिनसल्यावर तुम्ही कोर्टात काय सांगणार? कागदावर मालक तो, आणि आपला करार बेकायदा होता हे तुम्हालाच कबूल करावं लागणार.

मग खरा भागीदार कुठून आणायचा? वेळ देऊन. आमची भागीदार म्हणजे आमच्या इमारतीची मालकीणच, निवृत्त शिक्षिका. तिने रीतसर पैसे घालून शेअर घेतले, दरवर्षी नफ्यातला वाटा घेते आणि हिशोबाच्या बैठकीला चष्मा लावून बसते. तिच्या मताला किंमत द्यावी लागते आणि दोनदा तिच्या मतामुळे आम्ही वाचलोही. भागीदारीचा करार करताना चार गोष्टी लिहून घ्या: बँकेत कुणाची सही, कर्ज काढायला कुणाची संमती, नफा कधी वाटायचा, आणि एकाला बाहेर पडायचं असेल तर शेअरची किंमत कशी काढायची. वकील तुमचा स्वतःचा हवा, जागा दाखवणाऱ्या दलालाने सुचवलेला नको.

पाऊल ३: वर्क परमिटचं गणित कागदावर मांडा

सगळ्यात जास्त स्वप्नं इथे मोडतात, म्हणून जरा थांबून वाचा.

कंपनीत शेअर असणं वेगळं आणि तिथे काम करणं वेगळं. काम करायला वर्क परमिट लागतं. त्यासाठी कंपनीचं भरलेलं भांडवल एका परदेशी माणसामागे २० लाख बाट, म्हणजे साधारण ५५ लाख रुपये. व्हिसाची वर्षावर्षाची मुदतवाढ घ्यायची तर एका परदेशी माणसामागे चार थाई कर्मचारी, तेही कायमचे, ज्यांचा सामाजिक सुरक्षा निधी दरमहा भरला जातोय असे. आणि भारतीय माणसाचा पगार निदान ३५,००० बाट दाखवावा लागतो. युरोपीय किंवा जपानी माणसाला हाच आकडा ५०,००० आहे.

आता ते चहावरचं जोडपं आठवा. नवरा आणि बायको दोघंही काम करणार म्हणजे दोन वर्क परमिट: ४० लाख बाट भांडवल आणि आठ थाई कर्मचारी. सहा खोल्यांना आठ माणसं! बायको नवऱ्यावर अवलंबून म्हणून व्हिसा मिळतो, पण त्या व्हिसावर तिला काउंटरवर बसता येत नाही, खोलीच्या चादरी बदलता येत नाहीत. "घरचंच तर आहे" हा युक्तिवाद इथे चालत नाही. माझी बायको म्हणूनच इथल्या एका शाळेत गणित शिकवते. तिचं वर्क परमिट शाळेचं आहे आणि गेस्ट हाउसच्या कामाला ती हात लावत नाही. सुरुवातीला तिला हे फार जड गेलं, कारण खोल्यांचे रंग, पडदे, भांडी, सगळं तिने निवडलं होतं.

एकाच परमिटवर हिशोब करून बघू. चियांग माईच्या मुआंग भागात किमान मजुरी जानेवारी २०२५ पासून दिवसाला ३८० बाट. महिन्याच्या पगारावरचा माणूस धरला तर ११,४०० च्या खाली जाता येत नाही, बरं काम करणारा १२,००० ला मिळाला असं समजा. चौघांचे ४८,०००. तुमचे ३५,०००. झाले ८३,०००. आता कमाई: सहा खोल्या, वर्षाच्या सरासरीने ६० टक्के भरलेल्या, रात्रीला ९०० बाट. महिन्याला १०८ खोली-रात्री, म्हणजे ९७,२०० बाट. बुकिंगच्या संकेतस्थळांचं कमिशन १५ टक्के वजा केलं की उरतात ८२,६२०.

म्हणजे नुसते पगारच सगळी कमाई खातात. भाडं, वीज, धुलाई, इंटरनेट, हिशोब तपासणी अजून मोजलेलीच नाही. तुमचा ३५,००० पगार तुमच्याच खिशात जातो हे खरं, आणि त्यावरचा वैयक्तिक कर वर्षाला साडेपाच हजारांच्या आसपास म्हणजे फार नाही. पण घर त्यावर चालवायचं, मुलाची शाळा त्यावर करायची, तर ओढाताण ठरलेली. आमचं गणित खालच्या खाण्यामुळे जुळतं. खोल्यांइतकीच कमाई दुपारच्या थाळीतून येते. चार कर्मचारी ठेवायचेच आहेत तर त्यांच्या हाताला दिवसभर काम हवं, आणि सहा खोल्या सकाळी अकरा ते दोनमध्ये आवरून होतात. तेव्हा एकतर खाण्याची जोड द्या, नाहीतर खोल्या वाढवा. दोन्ही शक्य नसेल तर हा बेत सोडून दुसरा काढा. हा सल्ला कडू आहे, पण ५५ लाख पाठवल्यानंतर ऐकण्यापेक्षा आता ऐकलेला बरा.

आणखी एक. परमिट असलं तरी सगळी कामं मोकळी होत नाहीत. वाहन चालवणं, दुकानात विक्रेता म्हणून उभं राहणं, पर्यटकांचा वाटाड्या होणं, केस कापणं, थाई मसाज, ही कामं परदेशी माणसाला बंदच. पाहुण्यांना स्वतःच्या गाडीतून डोई सुथेपला नेऊन देवळाची माहिती सांगणं म्हणजे एका फेरीत दोन गुन्हे. आपल्याला त्यात आदरातिथ्य दिसतं; इथल्या वाटाड्याला आणि गाडीवाल्याला त्यात आपली भाकरी जाताना दिसते, आणि तक्रार तेच करतात.

व्हिसाचा क्रम असा: कंपनीच्या कागदांवर मुंबईतल्या थाई वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत ई-व्हिसाने ९० दिवसांचा नॉन-इमिग्रंट बी, म्हणजे कामधंद्यासाठीचा व्हिसा, इथे आल्यावर वर्क परमिट, मग एक वर्षाची मुदतवाढ.

पाऊल ४: भारतातून पैसे पाठवताना

रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात. २० लाख बाट त्यात सहज बसतात. पण "नातेवाइकाच्या खर्चासाठी" असं कारण लिहून हे पैसे पाठवू नका. परदेशी कंपनीचे शेअर घेणं ही परदेशी थेट गुंतवणूक आहे, तिला २०२२ चे नियम लागू होतात. बँकेत फॉर्म एफसी भरून आधी त्या कंपनीचा ओळख क्रमांक घ्यायचा, आणि पुढे दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वार्षिक अहवाल द्यायचा. वर्षात दहा लाख रुपयांच्या वर गेलेल्या रकमेवर बँक २० टक्के कर आगाऊ कापून घेते. तो विवरणपत्रात परत मिळतो किंवा वळता होतो, पण तोवर रक्कम अडकते. ५५ लाख पाठवताना नऊ लाख असे अडकले तर जागेची अनामत कुठून भरणार, याची सोय आधी करा. छोट्या शाखेत या फॉर्मची सवय नसते. शहरातल्या परकीय चलनाच्या शाखेतच जा.

पाऊल ५: जागा

थायलंडमध्ये परदेशी माणसाला जमीन घेता येत नाही. तेव्हा जागा भाड्यानेच. गेस्ट हाउस बाजारात आलं की दोन शब्द कानावर पडतात: भाडं आणि "सेंग". सेंग म्हणजे चालू धंद्याचा भाडेकरार, सामान, नाव यांसाठी आधीच्या भाडेकरूला एकरकमी मोजायचे पैसे. मुंबईकराला पागडी म्हटलं की लगेच समजेल, फरक इतकाच की पागडीत मागे हक्क उरतो आणि सेंगमध्ये उरलेल्या करारापलीकडे काहीच उरत नाही. करार दोन वर्षं उरलाय आणि सेंग आठ लाख मागतोय, तर महिन्याला ३३ हजार जादा भाडं झालं असं समजून बघा.

माझी पहिली मोठी चूक इथलीच. खंदकाच्या आतल्या जुन्या शहरात सुंदर लाकडी घर, सहा खोल्या, चार लाख बाट सेंग. देणारा परदेशीच होता, गोड बोलला, "परवाना चालू आहे" म्हणाला. दाखवलेला कागद व्यापारी नोंदणीचा होता. हॉटेलचा परवाना कधी नव्हताच आणि घराचा मंजूर वापर फक्त राहण्यासाठी. ते चार लाख गेले. त्यावेळी थाई वाचता येत नव्हतं म्हणून मी माझ्या हातातला कागद वाचू शकलो नाही, हे आजही टोचतं. तुम्ही किमान वाचणारा माणूस सोबत न्या.

काय तपासायचं ते सांगतो. पहिलं, जमिनीचा दाखला. त्याला छानोत म्हणतात, वर लाल गरुड असतो. मालकाने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका, भूमी कार्यालयात जाऊन मूळ नोंद बघा. पाठीमागच्या बाजूला गहाण, विक्री, भाडेपट्टा सगळं क्रमाने लिहिलेलं असतं. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा बघायची सवय आपल्याला आहे, तीच इथे कामी येते. समोर बसलेला माणूस खरंच मालक आहे की मालकाचा भाऊ, तेही तिथेच कळतं.

दुसरं, इमारतीचा मंजूर वापर. हॉटेलचा परवाना हवा असेल तर इमारत नियंत्रण कायद्याखाली तिचा वापर तसा मंजूर असावा लागतो आणि नगररचनेच्या नकाशात त्या भागात हॉटेलला परवानगी असावी लागते. जुन्या लाकडी घरांचे जिने अरुंद असतात, आगीतून बाहेर पडायची दुसरी वाट नसते, आणि ते नंतर सुधारायला गेलं की खर्च सेंगपेक्षा जास्त येतो. पैसे देण्याआधी नगरपालिकेत विचारा.

तिसरं, करार. तीन वर्षांपर्यंतचा भाडेकरार नुसता लेखी चालतो. त्यापेक्षा जास्त मुदतीचा असेल तर भूमी कार्यालयात नोंदवावाच लागतो, नाहीतर तीन वर्षांनंतर त्याला कोर्टात किंमत नाही. कमाल मुदत ३० वर्षं. नोंदणीचा खर्च एकूण भाड्याच्या एक टक्का आणि वर मुद्रांक शुल्क ०.१ टक्का. पुष्कळ मालक नोंदणी टाळतात, कारण मग भाड्याचं उत्पन्न कराच्या नजरेत येतं. अशा वेळी "तीन अधिक तीन अधिक तीन" असं लिहून देतात. पहिली तीन वर्षं सोडून बाकीची केवळ शब्दावर आहेत असं धरा आणि नूतनीकरणावर तितकाच खर्च करा, जो तीन वर्षांत वसूल होईल. नोंदलेल्या कराराचा फायदा असा की मालकाने घर विकलं तरी नव्या मालकाला तुमचा करार पाळावा लागतो. भूमी कार्यालयात नोंदवायचा करार थाई भाषेतच लागतो. इंग्रजी प्रत फक्त तुमच्या समजुतीसाठी. जमीन आणि इमारतीचा वार्षिक कर कोण भरणार, छत गळलं तर कोण बघणार, आणि विजेचा मीटर कुणाच्या नावावर, हे त्यातच लिहा.

पाऊल ६: परवाने

२००४ च्या हॉटेल कायद्याप्रमाणे पैसे घेऊन महिन्यापेक्षा कमी मुदतीला खोल्या देणं म्हणजे हॉटेल. त्यातून छोट्यांना सूट आहे. ही सूट आधी चार खोल्या आणि वीस पाहुण्यांपर्यंत होती, २०२३ मध्ये ती आठ खोल्या आणि तीस पाहुणे अशी वाढवली. आमच्यासारख्या सहा खोलीवाल्यांचा जीव तेव्हा भांड्यात पडला. मात्र सूट म्हणजे काहीच न करता चालू करणं नव्हे. अम्फो कार्यालयात, म्हणजे आपल्या तहसीलसारख्या ठिकाणी, कळवून नोंद करावी लागते. आणि हॉटेल कायद्यातून सुटलात म्हणून पाऊल २ मधला परदेशी धंद्याचा कायदा सुटत नाही. परवाना लागत असून तो न घेता हॉटेल चालवलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० बाटपर्यंत दंड, शिवाय चालू ठेवलेल्या प्रत्येक दिवसाला १०,००० पर्यंत.

खाण्याच्या जागेचं त्यामानाने सोपं: २०० चौरस मीटरपर्यंत नगरपालिकेला कळवून प्रमाणपत्र घ्यायचं, त्यावर असेल तर परवाना. बियर ठेवायची तर उत्पादन शुल्क खात्याचा परवाना, आणि २० वर्षांखालच्या कुणालाही विकायची नाही.

पाटीचा कर मात्र नवख्यांना चकित करतो. नुसत्या थाई पाटीला सगळ्यात कमी, थाई आणि परदेशी लिपी मिसळली तर जास्त, आणि थाई अक्षरं नसली किंवा खाली असली तर सगळ्यात जास्त. आमच्या पाटीवर वर थाईत नाव आहे, खाली देवनागरीत. चार पैसे वाचले आणि गल्लीतल्या आजीबाईंना आमचं नाव वाचता येतं, ते जास्त उपयोगी पडलं.

पाऊल ७: माणसं

कामगार कायदा स्पष्ट आहे. वर्षाला किमान १३ सणांच्या सुट्ट्या, एक वर्ष झालं की सहा दिवस रजा, आजारपणाची ३० दिवसांपर्यंत भरपगारी रजा. १२० दिवस पूर्ण झालेल्या माणसाला त्याचा दोष नसताना काढलं तर ३० दिवसांचा पगार, एक वर्षानंतर ९० दिवसांचा, आणि पुढे वाढत जातो. म्हणूनच इथे उमेदवारीचा काळ ११९ दिवसांचा ठेवायची रीत आहे. सामाजिक सुरक्षेला पाच टक्के तुमचे, पाच त्यांचे.

कायद्यात न लिहिलेली गोष्ट अशी की इथे चारचौघांत आवाज चढवला की माणूस तुटतो. पुण्यातल्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात मी ओरडा खाऊन शिकलो, तसाच इथे पहिल्या महिन्यात ओरडलो. आचारी दुसऱ्या दिवशी आलाच नाही. फोन नाही, निरोप नाही, उरलेला पगार घ्यायलाही आला नाही. "क्रेंग जाय" असा एक शब्द इथे आहे, आपली भीड आणि संकोच यांच्या मधला. तुम्ही विचारलंत "जमेल ना?" तर हो म्हणतील, कारण नाही म्हणायला भीड पडते. म्हणून हो-नाही उत्तर येईल असा प्रश्न विचारू नका. "हे कसं करशील?" असं विचारा, मग अडचण आपोआप बाहेर येते.

अंगणात भूमिदेवतेचं छोटं घर असेल तर ते हलवू नका. रोज सकाळी आमची प्रमुख कर्मचारी तिथे उदबत्ती लावते आणि लाल सरबताची बाटली ठेवते. आपल्या गावच्या वेशीवरच्या देवाला मान द्यावा तसा तो मान द्या. राजाबद्दल थट्टेत, रागात, मोबाइलवर, कसंही काही बोलू नका. इथल्या फौजदारी कायद्याच्या कलम ११२ खाली तीन ते पंधरा वर्षं कैद आहे. पाहुण्यांनाही हे पहिल्याच दिवशी सांगा.

पाऊल ८: रोजचं आणि दरमहाचं

परदेशी पाहुणा आला की २४ तासांत टीएम ३० ची, म्हणजे तो तुमच्याकडे उतरलाय याची इमिग्रेशन खात्याकडे नोंद. ऑनलाइन होते, पण चुकली की दंड जागेच्या चालकाला. आमच्याकडे पासपोर्टचा फोटो घेतल्याशिवाय किल्ली दिली जात नाही, मग पाहुणा रात्री दोनला येवो. तुमची स्वतःची दर ९० दिवसांची पत्त्याची नोंद वेगळी.

वर्षाची उलाढाल १८ लाख बाटच्या वर गेली की ७ टक्के मूल्यवर्धित कर नोंदवायचा आणि दरमहा विवरण भरायचं. छोट्या कंपनीला नफ्याच्या पहिल्या तीन लाखांवर कर नाही, तीस लाखांपर्यंत १५ टक्के, पुढे २०. धंदा झाला नाही तरी वर्षाचे हिशोब तपासून घ्यावेच लागतात. चांगला हिशोबनीस शोधा आणि त्याचे पैसे वेळेवर द्या.

पाऊल ९: आपले पाहुणे

२०२४ मध्ये २१ लाखांवर भारतीय थायलंडला आले. त्यांच्यासाठी काय शिजवायचं हे तुम्हाला येतं, पण थाई आचाऱ्याला "शाकाहारी" सांगून भागत नाही. नाम प्ला म्हणजे माशाचं पाणी त्याच्या लेखी मिठासारखं आहे. "जे" हा शब्द शिका. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत तो लिहिलेला दिसतो. जे जेवणात मांस, मासे, अंडी नाहीत, आणि कांदा-लसूणही नाही. आमच्याकडे जैन कुटुंब आलं की मी आचाऱ्याला एवढाच शब्द सांगतो, वर फक्त बटाटा आणि बाकीची कंदमुळं वगळायला सांगायची. तवा आणि कढई मात्र वेगळीच ठेवली आहे, त्यावर खूण आहे, आणि ती कुणीही बदलत नाही.

पाऊल १०: बाहेर पडायची वाट आजच बघून ठेवा

धंदा बंद करायला सुरू करण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. भागधारकांचा ठराव, नोंदणी कार्यालयाला कळवणं, वर्तमानपत्रात जाहिरात, शेवटचे तपासलेले हिशोब, मूल्यवर्धित कराची नोंद रद्द करताना होणारी तपासणी, कर्मचाऱ्यांची भरपाई, अनामत परत घेण्यासाठी मालकाकडे खेटे. याला लागणारे पैसे, म्हणजे चौघांचे तीन महिन्यांचे पगार आणि हिशोबनिसाची फी, पहिल्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका आणि त्याला हात लावू नका. धुराच्या दोन महिन्यांसाठीची शिल्लक यातली नव्हे, ती निराळी.

आणि क्रम इथेही महत्त्वाचा आहे. नोकरी संपली की तिच्यावर मिळालेली राहण्याची मुदतही त्याच दिवशी संपते. आमच्या ओळखीच्या एकाने घाईत आधी स्वतःचा राजीनामा नोंदवला. मग इमारतीची अनामत, मीटरची अनामत आणि कर कार्यालयाची तपासणी मागे ठेवून त्याला देश सोडावा लागला. मालकाचा राजीनामा सगळे कागद पूर्ण झाल्यावर, सगळ्यात शेवटी द्यायचा.